पहिली तीन मिनिटं कुणाची? विमानतळावरच्या आणीबाणीबद्दलचे पाच गैरसमज

विमानतळ चालतो तो लोडर, सफाई कामगार, ट्रॉलीवाले, बसचालक आणि दुकानांतले विक्रेते यांच्या जिवावर. पण आणीबाणीचा विषय निघाला की यांच्यातले बरेच जण म्हणतात, ‘ते आमचं खातं नाही.’ त्यामागचे गैरसमज एकेक करून पाहू.

गैरसमज १ : आणीबाणी म्हणजे विमानाचा अपघात.
वस्तुस्थिती : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई विमानतळ बंद करावा लागला. डिसेंबर २०१७ मध्ये अटलांटा विमानतळाच्या भुयारी वीजयंत्रणेला आग लागली आणि तो सुमारे ११ तास अंधारात राहिला. जर्मनीतल्या ड्यूसेलडॉर्फला ११ एप्रिल १९९६ रोजी वेल्डिंगच्या ठिणग्यांनी टर्मिनल पेटलं, १७ जणांचा जीव गेला. या तिन्ही वेळी कोणतंही विमान पडलं नव्हतं.

गैरसमज २ : अग्निशमन दल आहे, मग आपलं काय काम?
वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय मानकानुसार, हवामान चांगलं असताना विमानतळाच्या अग्निशमन दलाने धावपट्टीच्या कुठल्याही भागात तीन मिनिटांच्या आत पोहोचायला हवं. पण दल निघणार कुणीतरी कळवल्यावर, आणि टर्मिनलच्या छतातली आग टॉवरमधून दिसत नाही. ड्यूसेलडॉर्फला छतातून ठिणग्या पडत असल्याची पहिली खबर दिली ती एका टॅक्सीचालकाने. म्हणून ‘काहीतरी जळतंय, नक्की माहीत नाही’ एवढंही लगेच कळवा. खात्री करत बसण्यात मिनिटं जातात.

गैरसमज ३ : विमानाला आग लागली की मदतीला धावायचं.
वस्तुस्थिती : बंद न झालेलं इंजिन माणसाला आत खेचू शकतं, आणि जमिनीवर सांडलेलं इंधन केव्हाही पेटू शकतं. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला अपघातग्रस्त विमानातली एक मुलगी आग विझवायच्या फेसाखाली झाकली गेली आणि बचावाला आलेल्या गाडीखालीच सापडली. धूर आणि फेस यांत चालकाला माणूस दिसत नाही. एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवरच्या, कर्मचाऱ्याने गाड्यांची वाट मोकळी करावी आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबावं. बाहेर पडलेले, भेदरलेले प्रवासी इतस्ततः भटकू लागतात. त्यांना एका जागी आणणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

गैरसमज ४ : ज्वाळा दिसत नाहीत, म्हणजे वेळ आहे, लिफ्टने उतरू.
वस्तुस्थिती : आधी जीव घेतो तो धूर. ड्यूसेलडॉर्फच्या मृतांपैकी काही जण लिफ्टमध्येच सापडले. लिफ्ट आग लागलेल्या मजल्यावर उघडली, तर आतल्यांना सुटका नसते. जिना धरा, आणि धूर असेल तिथे वाकून चला. रोजच्या वाटेखेरीज दुसरा दरवाजा कुठे आहे, हे आजच चालत जाऊन पाहा. त्याच्यासमोर ट्रॉल्या किंवा खोकी रचलेली असतील, तर तो दरवाजा नसल्यातच जमा.

गैरसमज ५ : मॉक ड्रिल म्हणजे फोटोपुरता सोपस्कार, वेळ आली की घोषणा होईलच.
वस्तुस्थिती : २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेडा विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. तटरक्षक दलाचे पाच जण गेले. प्रवासी विमान पेटलं, त्यातली घोषणायंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दरवाजे वापरता आले. कर्मचाऱ्यांनी भोंगे आणि स्वतःचा आवाज वापरला आणि ३७९ जण जिवंत बाहेर पडले. यंत्र बंद पडल्यावर काय करायचं, याचा त्यांनी आधी सराव केला होता. म्हणूनच विमानतळांनी किमान दोन वर्षांतून एकदा पूर्ण प्रमाणावर सराव करावा, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्या दिवशी तुमची पाळी नसेल, तर काय ठरलं ते सहकाऱ्याला विचारून घ्या.

पुढच्या पाळीला हजेरी लावताना तीन गोष्टी तोंडपाठ आहेत का, ते तपासा : खबर द्यायचा नंबर, जवळचे दोन दरवाजे आणि बाहेर जमायची जागा. फोन नेमका तेव्हाच लॉकरमध्ये असू शकतो, म्हणून नंबर फोनमध्ये नको, डोक्यात हवा.