सैतानाच्या सत्तेची सीमा

ख्रिस्ती श्रद्धेनुसार सैतान देवाच्या तोडीचा प्रतिस्पर्धी नाही. तो देवानेच निर्माण केलेला, पण बंड करून पतन पावलेला आत्मा आहे, आणि त्याचे बळ देवाने आखलेल्या सीमेतच चालते.

जुन्या करारातील ‘ईयोब’ या पुस्तकात ही सीमा स्पष्ट दिसते. 7000 मेंढरे आणि 3000 उंट बाळगणाऱ्या ईयोब या धर्मशील माणसावर सैतान आरोप करतो, की त्याची भक्ती सुबत्तेपुरतीच आहे. देव त्याला ईयोबाचे सर्वस्व घेऊ देतो, देहाला मात्र हात लावू देत नाही. एका दिवसात गुरेढोरे जातात, दहाही मुले दगावतात. दुसऱ्या खेपेस देहाला पीडा देण्याची मुभा मिळते, पण जीव घेण्याची नाही. सर्वांगाला गळवे आलेला ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहतो. पुस्तकाचे अध्याय 42. सैतान मात्र दुसऱ्या अध्यायानंतर पुन्हा येत नाही. पुढे ईयोब जाब विचारतो तो थेट देवाला. देव अखेर बोलतो, पण या दुःखाचे कारण सांगत नाही.

मग वाईटाला मुभा देणारा देव निर्दोष कसा? हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना कधीच टाळता आला नाही. संत ऑगस्टीन (354–430) तरुणपणी मानी पंथात होता. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे अनादि काळापासून झुंजत आहेत, अशी त्या पंथाची शिकवण. पुढे त्याने ती नाकारली. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, आरोग्याचा अभाव म्हणजे रोग तसा चांगल्याचा अभाव म्हणजे वाईट, असे त्याने मांडले. देव वाईटातूनही चांगले घडवू शकतो म्हणून ते होऊ देतो, असेही तो म्हणतो. हा युक्तिवाद भक्कम आहे. पण मुले गमावलेल्या बापाला तो पुरा पडत नाही, हेही मान्य करायला हवे.

तरीही बायबल देवाच्या संरक्षणाची वचने देते; त्यांत 91वे स्तोत्र सर्वांत प्रिय. संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीने मठवासीयांच्या रोजच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते नेमून दिले. पण मत्तयाच्या शुभवर्तमानात याच स्तोत्राचा दाखला सैतान देतो: येशूने मंदिराच्या शिखरावरून उडी घ्यावी, देवदूत त्याला झेलतील. देवाची परीक्षा पाहू नये, असे सांगून येशू नकार देतो. संरक्षणाचे वचन म्हणजे संकट ओढवून घेण्याचा परवाना नव्हे, हे इथे ठरून जाते.

हे संरक्षण प्रत्येक वेळी जीव वाचवतेच असेही नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात हेरोद राजा प्रेषित याकोबाला तरवारीने मारतो; त्याच अध्यायात देवदूत प्रेषित पेत्राला साखळ्यांतून सोडवून तुरुंगाबाहेर आणतो. एक का मेला आणि दुसरा का वाचला, याबद्दल लेखक अवाक्षर काढत नाही. पुढे रोमन सम्राट नीरोच्या काळात पेत्रालाही रोममध्ये वधस्तंभावर मरण आले, असे चर्चची परंपरा सांगते.