पाणी भरतं, पण मशीन घुसळत नाही

न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय म्हणजे कॉलरचं गाव. १८२७च्या सुमारास इथल्या हॅना माँटेग्यूनं नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली. मळायची ती कॉलरच, मग अख्खा शर्ट कशाला धुवा? पुढे कॉलर धुणाऱ्या बायकांची संघटना १८६४मध्ये केट मुलॅनीनं बांधली.

आता ते धुण्याचं काम घरोघर मशीनच करतं. वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये पाणी भरलं, पण घुसळणं सुरू होत नाही, तर आधी कान द्या. मोटारीचा आवाजच नाही? झाकणाचा स्विच बघा. तो बिघडला की झाकण उघडंच आहे असं समजून मशीन अडून बसतं. मोटार गुणगुणते, पण कपडे घुसळणारा मधला खांब ढिम्म? पट्टा किंवा मोटार जोडणारा कपलर गेला असणार. खांबाचा खालचा भाग हलतो, वरचा जागचा हलत नाही, तर आतले प्लॅस्टिकचे छोटे दाते झिजलेत. हे दाते बदलायचं काम किरकोळ, घरीही जमतं. मात्र खोलण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.