कोडला कारण लिहून ठेवा

मी उमरीत घरी बसून लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करतो. त्यातही फाइलसिस्टिमचा कोड वाचणं आणि जिथं कारण लिहिलेलं नाही तिथं ते कॉमेंटमध्ये लिहिणं, हा कामाचा मोठा भाग. ‘म्हणजे प्रोग्राम लिहीत नाही का?’ असं नांदेडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी मला कितीदा तरी विचारलंय. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या खिशात अँड्रॉइड फोन आहे त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण त्या फोनच्या तळाशी लिनक्सच आहे.

फोनच्या मेमरीला फक्त क्रमांक दिलेले कप्पे कळतात. ‘लग्नाचे फोटो’ नावाचं फोल्डर, त्यातल्या फाइली, कोणती कुठल्या कप्प्यांत आहे याचा हिशेब, हे सगळं फाइलसिस्टिम सांभाळते. अँड्रॉइडमध्ये ती बहुधा ईएक्सटी4 किंवा एफ2एफएस असते. कॉमेंट म्हणजे त्या कोडशेजारी माणसासाठी लिहिलेला मजकूर. कंपायलर तो सरळ टाकून देतो, म्हणून अनेकांना तो फुकटचा वाटतो.

सातबाऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. ती वारसानं आली की खरेदीनं, हे बघायला फेरफार काढावा लागतो. कोड हा सातबारा, कॉमेंट हा फेरफार.

एक खरं उदाहरण बघा. कर्नलच्या ‘एफएस’ फोल्डरात ‘नेमआय.सी’ नावाची फाइल आहे. तिच्यात फोल्डर हलवण्याच्या कोडवर एक लांब कॉमेंट आहे. समजा, ‘शेती’ आणि ‘कागद’ अशी दोन फोल्डरं शेजारीशेजारी आहेत. एक प्रोग्राम ‘शेती’ उचलून ‘कागद’मध्ये टाकतो, नेमक्या त्याच क्षणी दुसरा ‘कागद’ उचलून ‘शेती’त टाकतो. फोल्डर स्वतःच्याच पोटात तर जात नाही ना, हे दोघंही तपासतात आणि दोघांनाही सगळं ठीक दिसतं. दोन्ही कामं पार पडली की ‘शेती’ ‘कागद’मध्ये आणि ‘कागद’ ‘शेती’त! वरून कुठूनही त्यांच्यापर्यंत वाट उरत नाही. आतल्या फाइली जागा अडवून बसतात, सापडत मात्र नाहीत. म्हणून एका फोल्डरातून दुसऱ्यात अशी हलवाहलव करताना अख्ख्या फाइलसिस्टिमसाठी एकच लॉक घेतलं जातं. ते ज्याच्याकडे, त्याचंच काम चालतं; एका वेळी एकच. बर्कली विद्यापीठाची 4.4 बीएसडी ही युनिक्स प्रणाली इथंच चुकली, अशीही नोंद त्या कॉमेंटमध्ये आहे.

ही कॉमेंट नसती तर? एखादा हुशार पोरगा म्हणाला असता, हे लॉक उगाच वेळ खातंय, काढून टाकू. त्याच्या मशीनवर सगळ्या चाचण्या पासही झाल्या असत्या. दोन प्रोग्रामांची वेळ इतकी नेमकी जुळणं दुर्मीळ, पण कोट्यवधी मशीनवर ती कधीतरी जुळतेच.

कोड काय करतो ते सांगा, कसं करतो ते सांगत बसू नका, असं कर्नलची नियमावली सांगते. मी त्यात ‘का’ला सगळ्यात वर ठेवतो. प्रोसेसरनं मेमरीतली कामं मागंपुढं करू नयेत म्हणून कोडमध्ये ‘मेमरी बॅरिअर’ घालतात. त्याशेजारी कॉमेंट नसेल, तर पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव, तपासणारी कर्नलची स्क्रिप्टच हटकते. कोड बदलला आणि कॉमेंट जुनीच राहिली, तर ती नसलेली बरी.

या कामाला मोठी परंपरा आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स या प्राध्यापकानं 1970 च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी, लिनक्स ज्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलवर भाष्य लिहिलं. कोड जेमतेम 9,000 ओळींचा. 1979 मध्ये सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कोड वर्गात शिकवायला बंदी आली. मग ते भाष्य झेरॉक्सवर झेरॉक्स काढत जगभर फिरलं, आणि पुस्तक म्हणून उघडपणे छापायला 1996 उजाडलं. दुसऱ्याचा कोड ओळीओळीनं समजावून सांगणाऱ्या या माणसाकडून किती जण कर्नल शिकले असतील! हे दुय्यम काम आहे, असं मला कोणी सांगू नये.

नांदेड-लातूरच्या पोरापोरींनो, ‘रॅमएफएस’पासून सुरुवात करा. ती काहीशे ओळींची फाइलसिस्टिम आहे आणि तिचा उपयोग मुख्यतः नमुना म्हणूनच आहे, असं तिच्या सुरुवातीच्या कॉमेंटमध्येच लिहिलंय. एखादी ओळ तशी का आहे हे कळेना, तर गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, तिचा इतिहास काढा, कारण स्वतः पडताळा, मग दोन ओळी लिहून पॅच पाठवा. नुसत्या कॉमेंटच्या पॅचलाही कोडइतकीच तपासणी लागते, आणि तो स्वीकारला गेला की कर्नलच्या इतिहासात तुमच्या नावानं नोंदला जातो.