घरचा सबवूफर नुसताच घुमतो, खोल वाजत का नाही? गणित इथे चुकतं

सबवूफर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: किती इंची आणि किती वॅट? मग दुकानात दणकून वाजलेला डबा घरी येतो आणि प्रत्येक गाण्यात एकच "धुम्म" ऐकवतो. ढोल असो की बास गिटार, सगळं सारखंच. पैसे तर गेलेले असतात.

मुळात खोल बास म्हणजे हवा ढकलण्याचा खेळ. स्वर एक सप्तक खाली न्यायचा आणि आवाज तेवढाच ठेवायचा, तर चौपट हवा हलवावी लागते. बंद डब्यात ४० हर्ट्झला २ मिलिमीटर हलणारा कोन २० हर्ट्झला ८ मिलिमीटर हलायला हवा. स्वस्त वूफरची तेवढी पोचच नसते, आणि खोक्यावर छापलेल्या वॅटवरून ते कळत नाही.

आता डबा. सीलबंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी कोनला सावरते. हीच युक्ती वापरून अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली 'एआर-१' हा स्पीकर आणला आणि लहान डब्यातूनही खोल बास निघतो हे दाखवलं. दुसरा प्रकार नळीवाला, म्हणजे पोर्टेड. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी घुमते, तशी ही नळी एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जोर लावते. आवाज वाढतो खरा, पण त्या फ्रिक्वेन्सीच्या खाली तो सप्तकामागे २४ डेसिबलने कोसळतो. सीलबंद डब्यात १२ डेसिबलनेच. शिवाय तिथे कोनला कुणी आवरणारं उरत नाही, म्हणून अॅम्प्लिफायरला फिल्टर लावावा लागतो.

डबा किती लिटरचा हे सुताराच्या अंदाजाने ठरत नाही. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील (१९६१) आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी त्याचं गणित मांडलं. वूफरच्या माहितीपत्रकात एफएस, क्यूटीएस, व्हीएएस असे आकडे असतात. ते विनआयएसडीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकले की लाकूड कापण्याआधीच निकाल दिसतो. हे आकडेच दिलेले नसतील, तर तो वूफर दुकानातच राहू द्यावा.

एक अट मात्र कुणालाच चुकत नाही. लहान डबा, खोल बास आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतात. जाणकार याला 'हॉफमनचा लोखंडी नियम' म्हणतात.

एवढं करूनही खोली घोळ घालतेच. ४ मीटर लांबीच्या खोलीत साधारण ४३ हर्ट्झचा स्वर भिंतींजवळ फुगतो आणि मधोमध जवळजवळ गायब होतो. यावर उपाय फुकटचा: सबवूफर सोफ्यावर ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. बास जिथे सर्वात स्वच्छ ऐकू येईल, ती सबवूफरची जागा. घरचे हसतील, हसू द्या.

राहिले खालच्या मजल्यावरचे शेजारी. डब्याखाली रबर लावलं की डब्याची थरथर स्लॅबमध्ये कमी उतरते. पण हवेतून जाणारा बास रबराला जुमानत नाही, त्यासाठी रात्री आवाजच कमी करावा लागतो.