वार्धक्यातील हृदय आणि जनुकनियमनाची मात्रा

मानवी शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० प्रथिननिर्माती जनुके असलेला एकच डीएनए-संच असतो. तरीही यकृताची पेशी यकृताचे आणि हृदयाची पेशी हृदयाचेच काम करते, कारण कोणती जनुके कोठे, केव्हा आणि किती प्रमाणात कार्यरत राहावीत हे ठरवणारी यंत्रणा प्रत्येक पेशीत अखंड चालू असते. या यंत्रणेच्या कामाला जनुकनियमन म्हणतात. जनुकांची रचना बहुतांशी तशीच राहूनही या नियमनाची मात्रा वयाबरोबर ढळत जाते, आणि हृदयाच्या वार्धक्याचा बराचसा भाग या ढळण्यातून उलगडतो.

हृदयाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी सतत नव्याने तयार होत असल्या, तरी हृदयाच्या स्नायूपेशींना ती सोय फारशी उपलब्ध नाही. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेतील योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये याचे मोजमाप केले. शीतयुद्धाच्या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण वाढले आणि १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर ते उतरत गेले. पेशी जन्मते त्या वेळचे हे प्रमाण तिच्या डीएनएमध्ये कायम राहत असल्याने त्यावरून पेशीचे वय काढता येते. या पद्धतीने असे आढळले की, वयाच्या पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या येतात, तर पंचाहत्तरीत हे प्रमाण ०.४५ टक्क्यांपर्यंत घसरते. याचाच अर्थ, निम्म्याहून अधिक स्नायूपेशी माणसाला जन्मभर साथ देतात, आणि त्यांच्या नियमनात शिरलेला दोष नव्या पेशींच्या आगमनाने सहसा धुऊन निघत नाही.

या दोषाची बाह्य खूण हृदयाच्या शिथिल होण्यात दिसते. अमेरिकेत १९५८ पासून चालू असलेल्या बाल्टिमोर येथील दीर्घकालीन वार्धक्य-अभ्यासातून असे दिसले की, निरोगी व्यक्तींमध्ये विश्रांतीच्या वेळची हृदयाची आकुंचनशक्ती उतारवयातही टिकून राहते. मात्र आकुंचनानंतर डावे निलय सुरुवातीच्या क्षणांत ज्या वेगाने रक्ताने भरते, तो वेग विशीपासून ऐंशीपर्यंत जवळजवळ निम्मा होतो. स्नायू शिथिल होण्यासाठी पेशीत मोकळे झालेले कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावे लागते आणि हे काम सर्का-२ए नावाचे प्रथिन पंपासारखे करते. वृद्ध प्राण्यांच्या हृदयांत या प्रथिनाचे प्रमाण किंवा त्याची कार्यक्षमता घटलेली आढळते, त्यामुळे कॅल्शियम रेंगाळते आणि स्नायूची शिथिलता लांबते. उंदीरवर्गीय प्राण्यांत वयाबरोबर जलद आकुंचन घडवणाऱ्या आल्फा-मायोसिन प्रथिनाच्या जागी संथ, परंतु ऊर्जा वाचवणारे बीटा-मायोसिन येऊ लागते; मानवी निलयांत मात्र तारुण्यातही बीटा प्रकारच प्रबळ असल्याने उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

जनुकांवरील हा ताबा अनेक पातळ्यांवर चालतो. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि या हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल गट चढले की गुंडाळी सैल होऊन जनुके वाचनासाठी मोकळी होतात, तर ते गट काढले गेले की ती पुन्हा आवळली जाते. असे गट काढणाऱ्या प्रथिनांपैकी सर्ट-१ या प्रथिनाविषयी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला उंदरांवरील प्रयोग बोलका आहे: हृदयातील त्याचे प्रमाण अडीच ते साडेसात पट वाढवले असता वार्धक्याच्या खुणा लांबल्या, परंतु ते साडेबारा पट वाढवताच हृदयाचा स्नायूच रोगग्रस्त झाला.

जनुकावरून संदेशवाहक आरएनए तयार झाल्यानंतरही नियमन संपत नाही, कारण मायक्रो-आरएनए नावाचे अतिलघु रेणू त्या संदेशाला अडवू शकतात; त्यांच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी मायक्रो-आरएनए-३४ए हा रेणू उंदरांच्या हृदयात वयाबरोबर वाढतो आणि पेशींना डीएनएच्या हानीपासून व मृत्यूपासून वाचवणाऱ्या एका प्रथिनाची निर्मिती रोखतो, असे २०१३ मध्ये फ्रँकफर्ट येथील गटाने दाखवले. या रेणूला निष्प्रभ केले असता स्नायूपेशींचा वयोमानाने होणारा मृत्यू कमी झाला.

सरासरी प्रमाणातील या चढउतारांइतकाच महत्त्वाचा दुसरा बदल म्हणजे पेशीपेशींमधील विसंगती. यान फेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तरुण व वृद्ध उंदरांच्या हृदयांतील एकेक स्नायूपेशी वेगळी काढून तिच्यातील जनुकांची सक्रियता मोजली, तेव्हा वृद्ध हृदयातील शेजारच्या पेशींमध्येही ती कमालीची भिन्न असल्याचे दिसले. ऊतीचा एकत्रित नमुना तपासल्यास ही तफावत सरासरीत झाकली जाते. परंतु ज्या अवयवाचे कार्यच असंख्य पेशींच्या एकत्रित आकुंचनावर अवलंबून आहे, तेथे अशी विसंगती कामगिरीला बाधक ठरू शकते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केल्यावरही अशीच तफावत निर्माण झाल्याने ऑक्सिडीकरणातून होणारी डीएनएची हानी हे तिचे एक कारण असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

या ज्ञानावरून उपचार घडवण्याचा मार्ग सरळ नाही. वृद्ध उंदीरवर्गीय प्राण्यांच्या हृदयात सर्का-२ए चे जनुक विषाणूमार्फत पोहोचवले असता शिथिलता सुधारल्याचे २००० मध्ये दिसले होते. परंतु हेच जनुक हृदयनिकामीपणाच्या २५० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत वापरले गेले, तेव्हा अपेक्षित लाभ मिळाला नाही. याउलट, टेक्सासमधील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या व्यक्तींनी दोन वर्षे नियमित, काही प्रमाणात जोरकस व्यायाम केला असता डाव्या निलयाचा ताठरपणा घटला. पासष्टीनंतर सुरू केलेल्या एका वर्षाच्या व्यायामाने मात्र तो फारसा बदलला नव्हता. अनेक जनुकांच्या परस्परावलंबी मात्रांवर टिकलेल्या व्यवस्थेत एखाद्याच जनुकाची भर घालणे अपुरे पडू शकते, तर व्यायाम हृदय, रक्तवाहिन्या आणि चयापचय यांवर एकाच वेळी परिणाम करतो. म्हणून हृदयाच्या वार्धक्यावरील उपायांचा विचार करताना काय द्यावे याबरोबरच किती द्यावे आणि कोणत्या वयात द्यावे, हे प्रश्नही तितक्याच गांभीर्याने सोडवावे लागतात. आणि व्यायामापुरते त्यांतील वयाच्या प्रश्नाचे उत्तर आजच मध्यमवयाकडे बोट दाखवते.