कायद्याचे विद्यार्थी आणि त्यांचे आश्रयदाते : रामघाट ते ग्रेज इन

वाराणसीच्या रामघाटावर वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. सांगवेद म्हणजे व्याकरण, निरुक्त, ज्योतिष आदी सहा अंगांसह शिकला जाणारा वेद. या घाटापासून दुर्गा घाट, ब्रह्मा घाटापर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्रातून गेलेली वैदिक आणि शास्त्री घराणी पिढ्यानपिढ्या नांदली, आणि त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याचे जेवणखाण, राहणे व दक्षिणा यांची तजवीज राजे, सरदार आणि सावकार करीत आले. या विद्येत धर्मशास्त्रही होते. त्यातील 'व्यवहार' हे प्रकरण दावे, पुरावा, वारसा आणि वाटणी यांविषयीचे असल्याने त्याला त्या काळचा कायदा म्हणता येते.

पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा, म्हणजे बारा भागांचा, निबंधग्रंथ रचला, तो सेंगर राजपूत राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने, आणि आश्रयदात्याचे नाव थेट ग्रंथालाच देण्यात आले. त्यातील 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणातील हिंदूंच्या वारसाहक्कांबाबत इतका प्रमाण ठरला, की मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रीय टीकाग्रंथाशी मतभेद असेल तेथे न्यायालये मयूखाचाच कौल मानीत. एका लहानशा संस्थानिकाच्या उदारतेने पोसलेले लेखन अशा रीतीने दोनशे वर्षांनंतर मुंबई इलाख्यातील वारसदारांच्या वाटण्या ठरवू लागले.

पुढचा आश्रयदाता ईस्ट इंडिया कंपनी हा होता. बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने 1791 मध्ये तेथे संस्कृत पाठशाळा काढली, कारण इंग्रज न्यायाधीशांना हिंदू कायदा समजावून सांगणारे पंडित हवे होते; पहिल्या वर्षी चौदा हजार आणि पुढे वार्षिक वीस हजार रुपये मंजूर झाले. वैद्यकाचा अपवाद सोडता सर्व विषयांचे अध्यापक ब्राह्मणच असावेत, असा नियमही त्याच वेळी झाला. पैसा सरकारी महसुलातला, म्हणजे सर्व जातींच्या रयतेकडून आलेला होता; वाटप मात्र जुन्याच चौकटीत झाले.

या चौकटीबाहेरच्या विद्यार्थ्याला आश्रयदाता शोधणे किती अवघड होते, याचे सर्वांत लख्ख उदाहरण म्हणजे भीमराव आंबेडकरांचे शिक्षण. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1913 मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि त्या बदल्यात बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट घातली. आंबेडकरांनी 1916 मध्ये लंडनच्या ग्रेज इनमध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या चार जुन्या संस्थांपैकी एकीत, नाव नोंदवले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये परत यावे लागले. महाराजांची मर्जी असूनही बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना, आणि नाव लपवून ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले, तेथूनही त्यांना हुसकावून लावण्यात आले. दरबाराचा आश्रय शहरातल्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हता. अखेर सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले.

एवढी खटपट एका असाधारण बुद्धीच्या माणसाला करावी लागली, तर सामान्य मुलाचे काय, हा प्रश्न पुढच्या दोन दशकांत त्यांनी धसास लावला. त्यांनी 1924 मध्ये स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्षपद सर चिमणलाल सेटलवाड या नामांकित वकिलाकडे होते, आणि सभेने सोलापुरात वसतिगृह चालवले. परंतु वर्गणी आणि देणग्या यांवर चालणाऱ्या कामाची झेप मर्यादितच राहिली.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर 1942 मध्ये आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे जे निवेदन सादर केले, त्यात युक्तिवादाची दिशा बदललेली दिसते. बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढचे मुस्लिम विद्यापीठ यांना केंद्र सरकार देत असलेल्या अनुदानांकडे बोट दाखवून, त्याच न्यायाने अनुसूचित जातींचाही तिजोरीवर हक्क आहे, असे त्यांनी मांडले. देशातील शिष्यवृत्त्यांसाठी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये, अशी मागणी होती. विशेष म्हणजे या निवेदनात त्यांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणावर भर दिला आणि कला व कायद्याच्या शिक्षणाचा अनुसूचित जातींना फारसा लाभ होणार नाही असे म्हटले. स्वतः बॅरिस्टर असलेल्या, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद भूषवलेल्या व्यक्तीचे हे मत आज थोडे चकित करते, आणि त्यांनीच स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1956 मध्ये सिद्धार्थ लॉ कॉलेज काढले, हे पाहता ते मत अखेरचे नव्हते असे मानणे योग्य ठरेल. या निवेदनानंतर, 1944 पासून, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि देणगीच्या जागी सरकारी योजना आली.

अमेरिकेत हाच प्रवास वेगळ्या वाटेने झाला. न्यूयॉर्क विद्यापीठात 1968 मध्ये कृष्णवर्णीय कायदा-विद्यार्थ्यांनी आपली संघटना स्थापन केली. तिची देशव्यापी अधिवेशने आणि फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने होणारी अभिरूप न्यायालय स्पर्धा, म्हणजे काल्पनिक खटल्यावर विद्यार्थ्यांनी केलेला युक्तिवाद, यांचा खर्च उचलण्यासाठी वकिली कंपन्यांकडे प्रायोजकत्व मागितले जाते. कंपन्यांना त्यातून होतकरू उमेदवार भेटतात, त्यामुळे हा व्यवहार निव्वळ दानाचा नसतो.

भारतात प्राध्यापक शामनाद बशीर यांनी 2010 मध्ये सुरू केलेली आयडीआयए ही संस्था वंचित गटांतील मुलांना राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेसाठी तयार करते. या विद्यापीठांची फी सामान्य महाविद्यालयांच्या कितीतरी पट असते, आणि फीचा हप्ता भरण्याची तारीख व शिष्यवृत्ती खात्यात जमा होण्याची तारीख यांचा मेळ अनेकदा बसत नाही; त्या मधल्या महिन्यांसाठी विद्यार्थ्याला देणगीदाराकडेच जावे लागते.