ट्रेनिंग कुणाकडून घ्यायचं? बाहेरचा ट्रेनर निवडण्याआधी विचारायचे प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" शक्य तितके काढलेत, उरलेत ते सांभाळून घ्या.

तर आजचा विषय जरा एचआरवाला वाटेल. कंपनीत बाहेरून ट्रेनिंग आणायचं असेल तर ते कुणाकडून घ्यायचं, हे ठरवायचं कसं? "मी तर डेव्हलपर, मला काय त्याचं?" असं म्हणू नका. मीही तेच म्हणायचो. मग एक दिवस मॅनेजरने मला निवडीच्या मीटिंगला बसवलं, आणि पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे. तिथूनच सुरुवात करतो.

आमच्याकडे काय झालं

आम्हाला डेटाबेस परफॉर्मन्सचं दोन दिवसांचं ट्रेनिंग हवं होतं. तीन संस्थांनी प्रेझेंटेशन दिलं. एकीचा माणूस फार छान बोलला, स्लाइड्स देखण्या, मोठमोठ्या गिऱ्हाइकांचे लोगो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्ष ट्रेनिंगला आला तो दुसराच ट्रेनर. तोही वाईट नव्हता हां. विनोद करायचा, जेवणही उत्तम होतं. शेवटी फीडबॅक फॉर्म भरले, पाचपैकी साडेचारच्या वर सरासरी. एचआर खूश, आम्ही खूश.

तीन आठवड्यांनी आमच्या टीममधल्या एका फ्रेशरने पोस्टग्रेसच्या एका मोठ्या टेबलवर इंडेक्स टाकला. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसाच. आता गंमत बघा. पोस्टग्रेसमध्ये साधा "क्रिएट इंडेक्स" चालवला की इंडेक्स बनेपर्यंत त्या टेबलवर वाचता येतं, पण लिहिता येत नाही. ट्रेनिंगच्या लॅबमध्ये टेबलात हजारेक ओळी होत्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत इंडेक्स तयार. आमच्या खऱ्या टेबलात काही कोटी ओळी. ऐन संध्याकाळी ऑर्डरी अडकल्या, फोन सुरू झाले. यासाठी "कॉन्करंटली" नावाचा पर्याय आहे. वेळ जास्त घेतो, पण लिहिणं थांबवत नाही. तो शब्द दोन दिवसांत एकदाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिला पहिला प्रश्न काय आला? "अगं, तुला ट्रेनिंग दिलं होतं ना?"

ती काहीच बोलली नाही. आणि तो बदल रिव्ह्यू करून मंजूर कुणी केला होता? मी. ट्रेनिंगला कोण बसलं होतं? मीही. संस्था निवडताना मान कुणी डोलावली होती? तीही मीच. हे सगळं मी त्या मीटिंगमध्ये बोललो, पण तोवर पाचेक मिनिटं ती एकटी मान खाली घालून बसली होती.

म्हणून सांगतो, वाईट ट्रेनिंगमध्ये नुसते पैसे जात नाहीत. हजेरीपटावर सही झाली की चुकीची जबाबदारी कंपनीवरून उचलून त्या माणसावर ठेवली जाते. शिकवलं नाही ते नाहीच, वर "शिकवलं होतं" याचा पुरावा मात्र तयार.

पहिला प्रश्न स्वतःला: ट्रेनिंग हवंय का?

संस्थांना फोन करण्याआधी एक गोष्ट तपासा. लोकांना काम येत नाही म्हणून होत नाहीये, की येतं पण दुसऱ्या कशामुळे अडतंय? अगदी जिवावर बेतलं तर तो माणूस ते काम करू शकेल का? करू शकत असेल तर अडचण ज्ञानाची नाही. वेळ नाही, परवानगी नाही, टूल नाही, किंवा नीट केलं तरी कुणी विचारत नाही, असं काहीतरी असतं. तिथे ट्रेनिंग म्हणजे पाय मोडलेल्याला डोकेदुखीची गोळी.

आमचंच घ्या. मोठ्या टेबलवर साधा इंडेक्स आला की थांबवणारी एक तपासणी पाइपलाइनमध्ये टाकली असती आणि "लॉक टाइमआउट" लावला असता, तरी त्या संध्याकाळचा निम्मा गोंधळ टळला असता. खर्च, एका माणसाचे दोनेक दिवस.

तरीही ट्रेनिंग हवंच असेल तर एका पानावर लिहून काढा: सहा आठवड्यांनी कोण, कोणतं काम, आजच्यापेक्षा वेगळं कसं करेल? "डेटाबेसची समज वाढेल" हे उत्तर नाही. "मोठ्या टेबलवरचा बदल करण्याआधी प्रत्येक जण लॉकचा विचार करून योजना लिहील" हे उत्तर आहे. हे पान लिहिता येत नसेल तर कुठलीच संस्था निवडू नका, कारण चांगली कुठली हे तुम्हाला कळणारच नाही.

सगळ्यांना तोच पेपर

आता तीन संस्था बोलवा, पण प्रत्येकीला आपापलं प्रेझेंटेशन करू देऊ नका. सगळ्यांना तोच पेपर द्या. आपल्याकडची एक खरी अडचण, गिऱ्हाइकांची माहिती काढून टाकून, पाठवा आणि विचारा, "यावर तुम्ही काय शिकवाल, कसं शिकवाल, सराव काय द्याल?" जी संस्था उलट प्रश्न विचारते, टेबल केवढं, लोक किती अनुभवी, आधी काय चुका झाल्या, ती कामाची. जी दुसऱ्या दिवशी तयार पीडीएफ पाठवते, ती सगळ्यांना तेच पाठवत असते.

गुण देण्याची पद्धत मीटिंगच्या आधी ठरवा, नंतर नाही. नाहीतर जो छान बोलला त्याच्यासाठी आपण नंतर कारणं शोधतो. आता आम्ही १०० पैकी असे गुण देतो:

- प्रत्यक्ष शिकवण्याचा नमुना: ३०
- आपल्या कामाशी जुळणारा सराव: २५
- ट्रेनिंगनंतरचा पाठपुरावा: २०
- जुन्या गिऱ्हाइकांशी बोलणं: १५
- किंमत: १०

हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत, तुमच्या कामाप्रमाणे बदला. फक्त प्रत्येकाने गुण आधी एकट्याने लिहावेत आणि मग चर्चा करावी. नाहीतर मॅनेजर पहिलं बोलतो आणि बाकीच्यांचे गुण आपोआप तिकडे सरकतात.

विकणारा नको, शिकवणारा दाखवा

आमची मुख्य चूक ही होती. विकायला एक माणूस, शिकवायला दुसरा. म्हणून जो प्रत्यक्ष येणार त्याच्याकडून ४५ मिनिटांचा नमुना वर्ग घ्या. जमलं तर त्याचे पैसेही द्या, फुकट मागू नका. करारात ट्रेनरचं नाव घाला, आणि तो बदलला तर नव्याचा नमुना बघून मगच हो म्हणू, असंही लिहा.

नमुना वर्गात ट्रेनरकडे कमी आणि समोर बसलेल्यांकडे जास्त बघा. प्रश्न कोण विचारतंय? नेहमीचेच दोघं-तिघं की मागच्या रांगेतलेही? आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, मराठी माध्यमातून आलेली पुष्कळ मुलं आहेत. विषय येतो, पण फाड्फाड् इंग्रजी बोलणाऱ्या ट्रेनरसमोर शंका गिळून टाकतात. ट्रेनर अधूनमधून मराठी-हिंदीत उतरला की त्याच मुलांचे हात वर होतात. ब्रोशरमध्ये हे कधीच दिसत नाही.

एक सोपी लिटमस चाचणी

प्रेझेंटेशनमध्ये दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, तो प्रसिद्ध पिरॅमिड: आपण वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के, वगैरे. याला बऱ्याचदा एडगर डेल यांचं नाव जोडतात. डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा एक शंकू मांडला हे खरं, पण त्यात हे टक्के नव्हतेच. ते नंतर कुणीतरी चिकटवले.

दुसरी, "काही लोक बघून शिकतात, काही ऐकून, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे शिकवतो." २००८ मध्ये पॅशलर आणि सहकाऱ्यांनी या कल्पनेवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. शैलीप्रमाणे शिकवल्याने माणूस जास्त शिकतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

एवढ्यावरून संस्था बाद करा असं नाही म्हणत. पण शिकवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी त्याबद्दलचं तपासलेलं असावं की नाही? नम्रपणे विचारा, "हे आकडे कुठले?" त्यांच्या उत्तरावरून बरंच कळतं.

जुन्या गिऱ्हाइकाला काय विचारायचं

"कसं होतं ट्रेनिंग?" विचारलं की "छान होतं" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: दोन महिन्यांनी लोक कोणती गोष्ट वेगळी करत होते? काय जमलं नाही? ठरलेला ट्रेनरच आला का? तुम्ही त्यांना पुन्हा बोलावलंत का, आणि नसेल तर का? शक्यतो एचआरशी नाही, त्या वर्गात बसलेल्या माणसाशी बोला.

साडेचार स्टार म्हणजे काय?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजण्याच्या चार पायऱ्या मांडल्या, आजही त्याच वापरतात. पहिली, लोकांना आवडलं का. दुसरी, ते शिकले का. तिसरी, कामावर परतल्यावर वागणं बदललं का. चौथी, त्यातून संस्थेला काही फळ मिळालं का. आमचे साडेचार स्टार पहिल्या पायरीवरचे होते, आणि आम्ही ते चौथीचे समजून बसलो.

म्हणून संस्थेला आधीच विचारा, "तिसरी पायरी कशी मोजायची, आणि त्यात तुम्ही काय मदत कराल?" ट्रेनिंगआधी एक छोटं काम द्या, तसंच काम सहा आठवड्यांनी पुन्हा द्या. साधी गोष्ट आहे, पण ती ऐकल्यावर काही संस्थांचा उत्साह अचानक कमी होतो.

वेळेची मांडणीही विचारा. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. त्यामुळे सलग दोन दिवसांऐवजी आठवड्याला अर्धा दिवस, असे चार वर्ग आणि मध्ये कामावरचा सराव, हे बहुतेक वेळा बरं.

पैशाचा हिशेब

समजा २४ लोक, दोन दिवस. फी १,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६०० रुपये, म्हणजे १,४१,६०० रुपये. पण २४ लोकांचे दोन दिवस म्हणजे ४८ दिवसांचं काम. एका माणसाचा दिवस कंपनीला ४,००० रुपयांना पडतो असं धरलं तर हेच १,९२,००० रुपये होतात. म्हणजे बिलापेक्षा मोठा खर्च बिलात दिसतच नाही. मग २०,००० रुपये वाचवायला कमजोर संस्था घेण्यात काय हशील?

पैसे टप्प्याने द्या, शेवटचा टप्पा पाठपुराव्याच्या वर्गानंतर. पण ठरलेले पैसे वेळेवर द्या हां! चांगले ट्रेनर बऱ्याचदा छोट्या संस्था चालवतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु संस्थेचं बिल करार करूनही ४५ दिवसांच्या पुढे ढकलता येत नाही, तसा २००६ चा कायदा आहे. साहित्य नंतर वापरता येईल का, रेकॉर्डिंग कुणाचं, हेही करारातच लिहा.

आणि ती फ्रेशर?

पुढच्या वेळी निवडीच्या मीटिंगला मी तिला घेऊन बसलो. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, ती मात्र मला दादा म्हणते. "दादा, मी काय बोलणार तिथे? सगळे सीनियर." मी म्हटलं, "तुला जे विचारावंसं वाटलं होतं ते विचार."

तिने प्रत्येक संस्थेला एकच प्रश्न विचारला. "सर, तुमच्या लॅबमधल्या टेबलात किती ओळी असतात?"

एक जण हसला. एकाने "नंतर कळवतो" म्हटलं. तिसरा थांबला आणि म्हणाला, "चांगला प्रश्न आहे. तुमच्याकडे किती आहेत ते सांगा, तेवढ्या भरून आणतो." आम्ही त्याला घेतलं, आणि त्याने खरंच भरून आणल्या. वर्गात सगळ्यांनी एकदा मुद्दाम टेबल लॉक करून बघितलं.

तुमच्या कंपनीत हे कसं ठरवतात ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करू नका!